शोभाताईच्या सायकलचा चिमटा

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी तर नाहीच. देवळात गेलो की घाईघाईनं घंटा वाजवतो, भलतंच काही पुटपुटतो आणि चपला घालून निघतो. तसा मी बडबड्या माणूस. शेलूबाजारला फाट्यावर माझं सायकलचं दुकान आहे, तिथं कुणालाही विचारा, सुधाकरचं तोंड कधी बंद असतं का? पंक्चर निघेपर्यंत मी गिऱ्हाइकाला साऱ्या तालुक्याची खबर देऊन मोकळा होतो. पण ही एक गोष्ट ओठाशी आली की जीभ टाळूला चिकटते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमतंय. जमतंय का? — पाहू.

एक आधीच सांगतो, मी भित्रा आहे. लोकांना तसं वाटत नाही, कारण माझा आवाज मोठा आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला कुणी भित्रा म्हणत नाही. पण गेली काही वर्षं दुकानासमोर एखादी जीप करकचून थांबली तरी माझ्या छातीत धस्स होतं. फोन वाजला की बायकोला उचलायला लावतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. काय दाखवू? कुठलं दुखतं म्हणून सांगू?

तर गोष्ट मोटरवाल्या सायकलची आहे. फाट्यावर जो तो फटफटी घ्यायला लागला आणि माझ्या दुकानात माशा बसायला लागल्या. तेव्हा मी मोबाईलवर पाहून पाहून साध्या सायकलला मोटर बसवायचं शिकलो. किट मिळतं. पुढचं चाकच बदलायचं. नव्या चाकाच्या मधोमध एक जाडजूड डबी असते, तिच्यात मोटर. हँडलला रेस लावायची, मागं बॅटरी बांधायची, झालं. पहिल्या काही सायकली बसवल्या तेव्हा गावानं मला डोक्यावर घेतलं. इंजिनिअरसाहेब म्हणायचे मला! आणि मी? मी पण शर्टाची वरची गुंडी लावून हिंडायला लागलो. शेखी मिरवायला मला काही लागत नाही.

आता यातली खुबी समजून घ्या, कारण माझं पाप सगळं तिथंच बसलेलं आहे. साध्या सायकलचं चाक फिरतं तेव्हा त्याच्यातला दांडा, आम्ही त्याला एक्सल म्हणतो, तो गप बसून असतो. त्याच्यावर काही पीळ येत नाही. मोटरचं तसं नाही. मोटर जेवढ्या जोरानं चाक पुढं फिरवते, तेवढ्याच जोरानं त्या एक्सलला उलटं पिळते. आणि तो एक्सल कशात बसलेला असतो? चिमट्याच्या खाचेत. चिमटा म्हणजे पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या त्या दोन दांड्या. त्यांच्या खालच्या टोकाला खाच असते. एक्सलच्या दोन बाजू चपट्या असतात, त्या खाचेत घट्ट अडकतात, म्हणून तो फिरू शकत नाही. पण खाच सैल असली तर? एक्सल आतल्या आत फिरतो, खाच फाकवतो, नट आपोआप उलगडतात, आणि चाक — चाक सुटतं. म्हणूनच किटमध्ये एक लोखंडी पट्टी येते. तिच्या एका टोकाला एक्सलच्या मापाचं भोक असतं, ते एक्सलवर चढवायचं आणि दुसरं टोक क्लिपनं चिमट्याच्या दांडीला आवळायचं. मग मोटरनं कितीही पिळलं तरी पट्टी एक्सलला हलू देत नाही. एवढीशी ती पट्टी. मला हे सगळं माहीत होतं. तुम्हाला आत्ता सांगितलं तितकंच स्वच्छ माहीत होतं. न कळून झालं, असं म्हणायची सोय माझ्यापाशी नाही.

शोभाताई कासारीण. बाजारात आमच्या रांगेतच, चार दुकानं सोडून, त्यांचं बांगड्यांचं दुकान. दुकानात तिचा नवरा बाळूभाऊ बसायचा आणि ती सायकलवर बांगड्यांचे डबे बांधून आजूबाजूच्या गावांना जायची. लग्नाचा चुडा भरायचा असला की आसपासच्या गावांतून तिलाच बोलावणं. तिच्या हाताला काय होतं कोण जाणे! बाईचा पंजा केवढाही जाड असो, ती गप्पा मारता मारता तो मळायची, अंगठ्याचा सांधा हळूच आत दाबायची, आणि बाईला कळायच्या आत काचेची बांगडी मनगटावर. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. अन् नव्या नवरीच्या हातात ती वाढू नये, याची आयांना किती धास्ती. शोभाताई आली की त्या निर्धास्त व्हायच्या. माझ्या बहिणीचा चुडाही तिनंच भरला होता.

तिचे गुडघे दुखायला लागले. डबे घेऊन चढ चढवेना. तेव्हा तीच माझ्याकडं आली, मोटर लाव म्हणाली. बाळूभाऊला ते अजिबात पसंत नव्हतं. साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं तो म्हणायचा, "बाईमाणसाले कायले पाह्यजे मोटर? पाय देल्ले हायेत ना देवानं." ती ऐकणारी नव्हती. आणि मी तर काय, हवेतच! गावात मोटरवाली सायकल चालवणारी पहिली बाई, आणि मोटर बसवणार कोण? मी. मोबाईलवरच्या गावाच्या ग्रुपवर मी दिवसही जाहीर करून टाकला. नारळ फोडायला गावातले चार मोठे लोक बोलावले. पेढे सांगितले. सायकल अजून साधी खोलून पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

खोलली तेव्हा घाम फुटला. तिची सायकल जुनी, लेडीज, चिमटा बारीक पत्र्याचा. एक्सल खाचेत जाईना. आणि पट्टीची ती क्लिप जाड दांडीच्या मापाची — या बारीक दांडीवर ती नुसती गरगर फिरायची. यावर उपाय एकच. अकोल्याहून जाड चिमटा मागवायचा, तोवर थांबायचं. चार-सहा दिवसांचा प्रश्न होता. "ताई, दिवस पुढं ढकलू," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं का? मी कानस घेतली.

एका बाजूची खाच कानशीनं नीट झाली. एक्सल चपखल बसला. दुसऱ्या बाजूला वेळ लागायला लागला, बाहेर माणसं जमायला लागली, तेव्हा मी ग्राइंडर घेतला. हात घसरला असं मी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलंय. घसरला नव्हता. मी घाई केली. ग्राइंडरनं खाच नको तितकी खाल्ली, आणि कडाही गोल झाल्या. एक्सल घालून पाहिला तर त्या बाजूला तो सैल. मग पट्टी खणात टाकली, पान्याला पाईप अडकवला आणि सगळं अंग टाकून नट आवळले. एवढं आवळल्यावर कशाला हलतंय — असं मी मोठ्यानं म्हणालो. कुणाला म्हणालो? दुकानात मी एकटाच होतो.

बाहेर सायकल उलटी उभी करून रेस दिली. चाक असं फिरलं की बस्स! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण हवेत फिरणाऱ्या चाकाला काय जोर लागतो? नंतर सायकल सरळ केली, चाक जमिनीला टेकवलं, ब्रेक धरून ठेवला आणि जराशी रेस दिली. हे मी नेहमी करायचो, मोटर पिळते तेव्हा एक्सल जागचा हलतो का ते पाहायला. मी वाकून पाहिलं. एक्सल हलला. तीळभर. त्यातून निघणारी वायर पण जराशी वळली आणि परत आली. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही, दिसलं असतं तरी समजलं नसतं. मला दिसलं. मला समजलं.

आता ऐका. आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे, माझ्या वडिलांपासूनचा. सायकल जोडली की पहिला चक्कर जोडणाऱ्यानंच मारायचा. ज्यानं नट आवळला त्यानं आधी स्वतः बसून दाखवायचं, मग गिऱ्हाइकाला द्यायची. वडील म्हातारपणीसुद्धा लुंगी खोचून चक्कर मारून यायचे. गावाला तो रिवाज पाठ होता. नारळ फुटला, लोक बाजूला झाले, मला वाट करून दिली. शोभाताई हँडल माझ्या हातात देऊन उभी राहिली. आणि मी —

मी कंबर धरली. खोटी. "कंबर धरली बाप्पा माही सकाळपासून," असं म्हणालो. "ताई, आज मान तुहा."

ती हसली. म्हणाली, "काहून रे सुधाकर, मोटरले भेला काय?"

सगळे हसले. मी पण हसलो. ती बसली आणि गेली, फाट्यापासून पार शाळेपर्यंत आणि परत. पदर उडत होता, लोक मोबाईल धरून उभे होते. काहीच झालं नाही. आल्यावर तिनं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

म्हणजे पाहा, खाच सैल आहे हे मला ठाऊक होतं का, की नुसता संशय होता — असा वाद मी स्वतःशी घालत बसतो कधी कधी. पण वाद कशाचा? जिच्यावर बसायला मी घाबरलो, तिच्यावर मी तिला बसवलं. यात आणखी काय सिद्ध करायचं राहतं?

त्या दिवशी ती पडली असती तर कदाचित मी तिथल्या तिथं बोलून गेलो असतो. पण ती पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी दुकानासमोरून घंटी वाजवत जायची, हात करायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी ते पुढचं चाक पाहत राहायचो. संध्याकाळी ती परत येईपर्यंत माझं कामात लक्ष नसायचं. आली की हायसं वाटायचं. मग मी तिला थांबवायचो. "ताई, जरा थांब, नट आवळून देतो." दर खेपेला नट थोडा ढिला झालेला सापडायचा. दर खेपेला! मी पाईप लावून परत आवळायचो. आणि ती आपली लोकांना सांगायची, सुधाकर बहिणीसारखी काळजी घेतो माही.

अकोल्याहून जाड चिमटा मी मागवला होता. तो आलाही. दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता, नवाकोरा, काळा. एकदा नट आवळताना तिनं तो पाहिला आणि विचारलं, "कोणाचा हाय रे हा?" आता याच्याहून चांगली वेळ कोणती येणार होती? तुझाच आहे ताई, तासाभरात बदलून देतो — बस्स, इतकंच. पण मग ती विचारणार, काहून? पहिला कशानं खराब झाला? बाळूभाऊ ऐकणार, बाजार ऐकणार. इंजिनिअरसाहेबांनी खाच बिघडवली आणि बाईला तसंच बसवलं म्हणणार. "हाय एका गिऱ्हाइकाचा," म्हणालो. ती गेली. चिमटा तिथंच टांगलेला राहिला.

लग्नसराई जोरात होती. दुपारची वेळ. जीपवाल्या एका पोऱ्यानं जीप दुकानासमोर आणून थांबवली आणि ओरडला, "अबे सुधाकर, तुही मोटरवाली बाई पडली ना पुलापाशी! चाल लवकर!"

जीपमध्ये कसा चढलो ते आठवत नाही. नाल्यावरचा पूल ओलांडला की छोटा चढ आहे आणि पलीकडं चांगला लांब उतार. उताराच्या मधोमध माणसं गोळा झाली होती. रस्ताभर काच. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्यांचा नुसता चुरा, आणि त्यात ती पडलेली. तोंड रक्तानं भरलेलं, उजवा हात अंगाखाली भलताच मुडपलेला. कण्हत होती. जिवंत होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला फार भीती वाटते. बाकीचं तुम्ही ऐकून घेतलं असेल, पण हे —

मी आधी तिच्याकडं गेलो नाही. आधी मी चाकाकडं गेलो.

चाक रस्त्याच्या कडेला बोरीच्या झुडपात पडलं होतं. वायर पिळवटून तुटलेली. चिमट्याची एक खाच फाकून तोंड वासून बसलेली. मी ती खाच पाहिली आणि आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का. मग तिच्याकडं वळलो. लोकांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं. कुणीतरी मला म्हणालं, चाल, तू पण चाल, तुले मानते ती. मी म्हणालो, तुमी व्हा पुढं, मी सायकल घेऊन येतो. जीप वाशिमकडं गेली. मी त्या बांगड्यांच्या चुऱ्यात उभा राहून सायकलचे तुकडे गोळा केले.

दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं. जुना चिमटा काढला, ग्राइंडरनं त्याचे तुकडे केले, भंगाराच्या ढिगात खाली दाबले. खिळ्यावरचा नवा चिमटा काढून तिच्या सायकलला लावला. मोटरचं चाक वेगळं काढून ठेवलं, तिचं जुनं साधं चाक बसवलं. आणि ब्रेक? पुढच्या ब्रेकची तार मी चांगली ताणून घट्ट केली. नुसतं बोट लावलं तरी चाक जाम होईल, इतकी. का केलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या डोक्यात तेव्हा सगळं कसं धडाधड सुचत होतं! कंबर धरायचं सुचलं होतं, तसंच.

वाशिमला दवाखान्यात गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. पुढचे दात गेले होते, मनगटात सळ्या घातल्या होत्या. बाळूभाऊ भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून तीच बोलायला लागली, तुटक तुटक. "खट्ट आवाज झाला भाऊ, चढावर. मोटर बंद पडली. मी म्हटलं, जाऊ दे, आता उतारच हाय... मंग काई आठवत नाई मले."

खट्ट. तो आवाज कशाचा होता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. चढावर मोटरनं जोर केला आणि एक्सल फिरला, वायर तुटली, नट उलगडले. उतारावर चाक नुसतं ठेवल्यासारखं होतं. आणि मी काय म्हणालो? बाळूभाऊकडं पाहून म्हणालो. तिच्याकडं पाहायची हिंमत नव्हती. "ताई, उतारावर तू पुढचा ब्रेक करकचून दाबला असशीन. मी सायकल पाह्यली ना. पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल उलटते, चाक बी निखळते."

ती म्हणाली, "हो का? दाबला असंन बाप्पा. घाबरली असंन मी." आणि मग म्हणाली — हे ऐकलं तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं — म्हणाली, "तुह्या चांगल्या कामाले माह्यामुळे बट्टा लागला रे सुधाकर."

तिनं माझी माफी मागितली. मी म्हणालो, असू दे ताई, होतं असं.

त्यानंतर मोटर बसवलेली प्रत्येक सायकल मी परत बोलावली. फुकटात सर्व्हिसिंग करून देतो म्हणालो. एकेकीची खाच तपासली, दोन्ही बाजूंना पट्ट्या घातल्या. बाकी सगळ्या ठीक होत्या. लोक म्हणाले, असा दुकानदार पाहिजे बुवा, बाई पडली स्वतःच्या चुकीनं, पण यानं सगळ्यांच्या सायकली तपासून दिल्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नम्रपणा म्हणाले त्याला.

तिचं मनगट सांधलं, पण अंगठा पहिल्यासारखा वळत नाही आणि हात थरथरतो. पंजा मळायला गेली की पकड सुटते. तरी तिनं काम सोडलं नाही, जीपनं जायची, डबे मांडीवर घेऊन. मग एका लग्नात नवरीचा चुडा भरताना तिच्या हातून बांगड्या वाढल्या, एकामागून एक, आणि नवरीच्या हाताला काच लागून रक्त आलं. पोरीच्या आईनं तिथल्या तिथं तिला थांबवलं आणि कारंज्याहून दुसरी कासारीण बोलावली. ही बातमी गावोगाव पोचायला कितीसा वेळ लागतो? त्या सीझनला तिला बोलावणी आली नाहीत. पुढच्यालाही नाही. आता ती दुकानात मागच्या बाजूला बसून डबे पुसते, आणि गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या बाळूभाऊ भरतो. बायांना संकोच वाटतो, म्हणून गिऱ्हाईकही कमी झालं आहे.

बाळूभाऊ वाईट माणूस नाही. पण त्याला राग येतो तेव्हा तो एकच बोलतो, आणि आमच्या दुकानापर्यंत ऐकू येतं. "हातातला ब्रेक समजत नाई, अन् चालली होती मोटर घ्याले!" ती डबे पुसत राहते. पूर्वी ती त्याला एकाला दोन सुनवायची. मीही ऐकतो, आणि पान्यानं काहीतरी ठोकायला लागतो.

माझी भीती अशी की, एक दिवस तिला तो खट्ट आवाज नीट आठवेल. ती येऊन विचारेल, सुधाकर, ब्रेक तर मी उतारावर दाबला म्हणतो तू, मग चढावर काय वाजलं होतं? काय सांगणार आहे मी? ती दुकानाकडं येताना दिसली की मी हातातलं काम घट्ट धरून बसतो. प्रत्येक वेळी वाटतं, आज आठवलं. आणि ती येते ती चहाला हाक मारायला, नाहीतर भाचीच्या सायकलमध्ये हवा भरायला.

या उन्हाळ्यात ती अशीच आली. बाहेर उभी राहिली, आत यायला बिचकत होती. तिनं आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सुधाकर, मले ब्रेक दाबाले शिकव."

मला समजेना. ती म्हणाली, तिला परत सायकल चालवायची आहे. भरता नाही आल्या तरी बांगड्या गावोगाव नेऊन विकता तर येतील. पण भीती वाटते — तिला स्वतःच्या हाताची भीती वाटते. ऐनवेळी हा हात परत पुढचा ब्रेक दाबून बसेल, असं तिला वाटतं. उतार दिसला की अंगाला घाम सुटतो म्हणाली. शाळेपासून सायकल चालवणारी बाई. डबे लादून, चढउतार करून, सारा तालुका पालथा घातलेली बाई. मला म्हणते, ब्रेक दाबायला शिकव.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं की नाही? दुकानात आम्ही दोघंच होतो. ती माझ्यासमोर हात पुढं करून उभी होती, तो थरथरणारा.

मी म्हणालो, "चाल ताई, मैदानावर जाऊ."

शाळेच्या मैदानावर मी तिची सायकल धरली आणि तिला शिकवलं. आठवडाभर, सकाळी सकाळी. आधी डाव्या हाताचा, म्हणजे मागचा ब्रेक हळू धरायचा; मग उजवा, तोही नुसता बोटांनी. एकदम आवळायचा नाही. ती लहान पोरीसारखी मन लावून ऐकायची. सायकलवर बसली की पुटपुटत राहायची, आधी डावा, मंग उजवा, आधी डावा, मंग उजवा. उजवा हात ब्रेककडं नेताना डोळे मिटून घ्यायची. चुकली की स्वतःच्या हातावर दुसऱ्या हातानं चापट मारायची आणि मला म्हणायची, "पाह्य, असाच केला असंन याने तवा."

मी म्हणायचो, हो.

शेवटच्या दिवशी तिनं मैदानाच्या उताराकडून सायकल सोडली आणि माझ्यासमोर अलगद आणून थांबवली. धापा टाकत होती, डोळ्यांत पाणी होतं. "आता नाई चुकणार मी," म्हणाली.

मी म्हणालो, "शाबास ताई."